आधी कोण, आधी काय : जखमींच्या रांगेचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

नोव्हेंबर १९१५. बगदादच्या आग्नेयेस, तैग्रिस नदीच्या काठी टेसिफॉन या प्राचीन राजधानीचे अवशेष आहेत. सासानी सम्राटांच्या प्रासादाची विटांची प्रचंड कमान आजही तिथे उभी आहे. या कमानीच्या परिसरात २२ तारखेला ब्रिटिश-हिंदी फौजेची उस्मानी तुर्कांशी गाठ पडली. हिंदी फौजेचे नाव होते सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांपैकी १०३ क्रमांकाची पलटण म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ‘जंगी पलटण’.

या लढाईत पुणे डिव्हिजनची चार हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. बगदाद हाती आले नाही, माघार घ्यावी लागली. पण हा धागा लढाईविषयी नाही. लढाई संपल्यावर जे जिवंत होते, त्यांचे पुढे काय झाले, याविषयी आहे.

जखमींना रणांगणातून नदीपर्यंत नेण्यासाठी रुग्णवाहिका नव्हत्या. होत्या त्या खेचरांच्या मालवाहू गाड्या: लोखंडी सांगाड्याच्या, स्प्रिंग नसलेल्या, दाणागोटा आणि दारूगोळा वाहण्यासाठी बनवलेल्या. मांडीचे हाड मोडलेला माणूस अशा गाडीत घालून खडबडीत वाळवंटातून काही मैल नेला, की प्रत्येक हादऱ्यासरशी हाडाची टोके मांसात घुसतात आणि आतल्या आत रक्त वाहत राहते. गाडी हे त्याच्या उपचाराचे साधन राहत नाही, ती दुसरी जखम होते.

नदीकाठी पोहोचलेल्यांना बोटींत कोंबले गेले. बसरा तिथून जलमार्गाने शेकडो मैल दूर.

बसऱ्याच्या धक्क्याजवळ इस्पितळी जहाजावर मेजर कार्टर नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर होते. जखमींची ‘मेजिदिये’ ही बोट येताना त्यांना दिसली. बोटीच्या कडेने दोर लोंबत असावेत असे त्यांना दुरून वाटले. बोट जवळ आल्यावर कळले, की ते दोर नव्हते. हलताही न येणाऱ्या, दाटीवाटीने पडलेल्या माणसांची विष्ठा कठड्यावरून ओघळून वाळली होती. अनेकांच्या जखमांना टेसिफॉन सोडल्यापासून कुणी हात लावलेला नव्हता. जखमांत अळ्या पडल्या होत्या. मोडलेल्या पायाला आधार म्हणून व्हिस्कीच्या खोक्याच्या फळ्या लावलेल्या होत्या, आणि त्या भुशाचे गठ्ठे आवळण्याच्या तारेने बांधल्या होत्या.

कार्टर यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली. उत्तरादाखल त्यांना लुडबुड्या ठरवण्यात आले आणि अटकेची धमकी देण्यात आली. लढाईनंतर सेनापतींकडून गेलेल्या तारांत मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याचे कळवले गेले होते.

आता या प्रसंगाची तारीख नीट लक्षात ठेवावी, कारण यापुढची गोष्ट तिच्या १२३ वर्षे आधीची आहे.

१७९२. फ्रान्समध्ये क्रांती झालेली, ऱ्हाइन नदीच्या आघाडीवर फ्रेंच सेना लढत होती. त्या सेनेत दोमिनिक झ्याँ लारे हा २६ वर्षांचा शस्त्रवैद्य होता. पिरेनीज पर्वतातल्या एका लहान गावचा. त्या काळचा नियम असा, की सैन्याचे फिरते रुग्णालय रणांगणापासून एक लीग, म्हणजे चार-पाच किलोमीटर मागे ठेवायचे. लढाई संपली की मगच जखमी गोळा करायचे. यात अनेकदा एक दिवस उलटे, कधी त्याहून अधिक. तोवर ज्यांच्यासाठी रुग्णालय थाटले होते, त्यांतले बरेचसे गेलेले असत. सैन्य माघारी फिरले तर जखमी शत्रूच्या हाती पडत, हे वेगळेच.

लारेच्या डोळ्यांसमोर त्याच रणांगणात घोड्यांच्या तोफा धावत होत्या. ‘उडता तोफखाना’ असे तिचे नाव: हलक्या गाड्यांवरच्या तोफा क्षणात इथून तिथे नेल्या जात. तोफ जर इतक्या वेगाने पुढे जाऊ शकते, तर वैद्य का नाही? लारेने ‘उडत्या रुग्णवाहिके’ची कल्पना मांडली आणि ती प्रत्यक्षात आणली.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. सपाट मुलखासाठी दोन चाकांची, दोन घोड्यांची हलकी गाडी. डोंगराळ मुलखासाठी चार चाकांची जड गाडी. खाली स्प्रिंग, बाजूला हवेसाठी खिडक्या. आतली गादी चामड्याने मढवलेली, आणि गादीखालची फळी लहान चाकांवर बाहेर सरकणारी, म्हणजे जखमीला उचलून आपटण्याची वेळ येऊ नये. १७९७ मध्ये इटलीत या दलाला पूर्ण आकार आला: सुमारे ३४० माणसे, तीन तुकड्या, प्रत्येक तुकडीकडे बारा हलक्या आणि चार जड गाड्या. इजिप्तच्या मोहिमेत चाके वाळूत रुतू लागली, तेव्हा लारेने उंटांच्या दोन्ही बाजूंना पेट्या बांधून त्यांत जखमी आडवे झोपवले.

गाडी ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी अधिक अवघड होती. गाडीत आधी कुणाला घालायचे?

याचे उत्तर तोवर पद पाहून दिले जाई. आधी सरदार, मग शिपाई; आधी आपला, मग शत्रूचा. लारेने नियम घातला, की ज्याची जखम सर्वांत घातक, तो पहिला. हुद्दा विचारायचा नाही, देशही विचारायचा नाही. किरकोळ जखमेच्या अधिकाऱ्याने पोटात गोळी लागलेल्या शिपायामागे थांबायचे. ज्या सैन्यात सम्राटाच्या नजरेतली जागा हीच सर्वांत मोठी दौलत, तिथे हा नियम चालवणे सोपे नव्हते. नेपोलियनला मात्र त्याचे मोल कळले असावे. सेंट हेलेना बेटावर लिहिलेल्या मृत्युपत्रात त्याने लारेला एक लाख फ्रँक ठेवले, आणि आपल्या पाहण्यातला सर्वांत सद्गुणी माणूस असा त्याचा उल्लेख केला.

वॉटर्लूनंतर लारे प्रशियन सैन्याच्या हाती सापडला आणि त्याला गोळी घालण्याचा हुकूम झाला. त्याची व्याख्याने पूर्वी ऐकलेल्या एका जर्मन वैद्याने त्याला ओळखले, म्हणून तो वाचला. प्रशियन सेनापती ब्ल्यूखरच्या मुलावर लारेने कधीकाळी उपचार केले होते. देश न विचारण्याचा नियम असा फळाला आला.

इथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. ‘ट्रायाज’ हा शब्द लारेने रूढ केला, असे सर्रास लिहिले जाते. तसे नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणे, वर्गवारी करणे. लोकर आणि कॉफीच्या बिया प्रतीप्रमाणे वेगळ्या काढण्यासाठी तो वापरात होता. जखमींच्या बाबतीत तो रुळला पहिल्या महायुद्धात. लारेकडे तत्त्व होते, शब्द नव्हता.

आणि ते तत्त्वही तिथेच थांबले नाही. १८५४-५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात रशियन शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव्ह यांच्यापुढे एकाच वेळी शेकडो जखमी येऊन पडत. दारात जो आधी दिसेल त्याच्यावर आधी शस्त्रक्रिया, या पद्धतीने वैद्य दमून जात आणि वाचू शकणारे लोक रांगेत मरत. पिरोगोव्ह यांनी आल्या आल्या जखमींचे गट पाडले. ताबडतोब शस्त्रक्रिया हवी असलेले वेगळे, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकणारे वेगळे, किरकोळ मलमपट्टीचे वेगळे. आणि एक गट अशांचा, ज्यांच्यासाठी आता काही करता येण्यासारखे उरले नव्हते. ते परिचारिका भगिनींच्या आणि धर्मगुरूंच्या स्वाधीन केले जात.

लारेच्या नियमात जी गोष्ट झाकलेली राहिली होती, ती इथे उघडी पडते. ‘सर्वांत गंभीर तो पहिला’ हे ऐकायला न्याय्य वाटते. पण वैद्य दोन आणि जखमी दोनशे असतील, तर सर्वांत गंभीर माणसावर चार तास घालवणे म्हणजे इतर दहा जणांना मरू देणे. रांग लावणे म्हणजे कुणाला तरी रांगेबाहेर ठेवणे. पिरोगोव्ह यांनी हे टाळले नाही, आणि युद्धभूमीवर औषधापेक्षा व्यवस्थापन अधिक जीव वाचवते असे मत लेखी नोंदवून ठेवले.

म्हणजे १९१५ पर्यंत गाडी होती, नियम होता, वर्गवारी होती. पश्चिम आघाडीवर तर ‘थॉमस स्प्लिंट’ ही आणखी एक गोष्ट याच महायुद्धात पोहोचली. ह्यू ओवेन थॉमस या वेल्श वैद्याने शांततेच्या काळात बनवलेली ही साधी धातूची चौकट. तिच्यात मोडलेला पाय ताणून स्थिर धरला जाई. महायुद्धाच्या आरंभी मांडीचे हाड गोळीने फुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के दगावत, आणि १९१७ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आले, असे तेव्हाच्या सैन्यवैद्यांनी नोंदवले आहे. आकड्यांत थोडेफार इकडेतिकडे असेल, पण फरक कुणी नाकारलेला नाही.

तैग्रिसकाठच्या मराठा जवानाच्या पायाला मात्र व्हिस्कीच्या खोक्याची फळी.

हे अज्ञानामुळे घडले नाही. काटकसरीमुळे घडले. मोहीम हिंदुस्थान सरकारची होती, पुरेशा बोटी आणि रुग्णवाहिका मंजूर झाल्या नव्हत्या, बगदादकडे कूच करताना जखमींचा अंदाज हवा तितका कमी धरला गेला होता. १९१६ मध्ये लंडनने मेसोपोटेमिया चौकशी आयोग नेमला. कार्टर यांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. १९१७ च्या अहवालाने वैद्यकीय व्यवस्थेवर इतके कठोर ताशेरे ओढले, की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. कार्टर यांचे म्हणणे खरे ठरले. तोपर्यंत पुणे डिव्हिजनच्या उरलेल्या फौजेने कुत-अल-अमारा इथे पाच महिन्यांचा वेढा सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली होती.

इथवरचा प्रश्न होता : अनेक जखमींत आधी कोण? पण एकाच देहाला अनेक जखमा असतात तेव्हा त्यांतही रांग लागते. डोके फुटलेले, हात मोडलेला, छातीत मार, पोट फुगत चाललेले. आधी काय? चमत्कारिक वाटेल, पण या दुसऱ्या प्रश्नाचे सर्वत्र शिकवता येईल असे उत्तर विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीपर्यंत तयार नव्हते.

१७ फेब्रुवारी १९७६. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातले अस्थिशल्यचिकित्सक जेम्स स्टायनर स्वतःचे छोटे विमान चालवत कुटुंबासह घरी परतत होते. संध्याकाळी विमान झाडांना घासून शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली. चार मुलांपैकी तिघे बेशुद्ध. स्टायनर स्वतः जखमी. बाहेर फेब्रुवारीची थंडी. मुलांना ऊब मिळावी म्हणून त्यांनी हाताशी सापडेल ते कापड त्यांच्यावर घातले, आणि कित्येक तासांनी रस्त्यावर जाऊन एक गाडी थांबवली.

जवळच्या गावातल्या लहान रुग्णालयाचे दार बंद होते. ते उघडले, डॉक्टर आले, पण अशा रुग्णाला कुठून सुरुवात करायची हे त्यांना शिकवलेलेच नव्हते. मानेचा मणका मोडला असू शकतो याची काळजी न घेता मुलांना हलवण्यात आले. आपण शेतात अंधारात जे करू शकलो, त्याहून कमी आपल्या मुलांना रुग्णालयात मिळाले, हे स्टायनर यांच्या मनातून गेले नाही. दोष त्या गावच्या डॉक्टरांचा नसून शिकवणाऱ्या व्यवस्थेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांनी सहकाऱ्यांसह एक अभ्यासक्रम रचला. १९७८ मध्ये नेब्रास्कातल्याच ऑबर्न या गावी त्याचा पहिला वर्ग झाला. पुढच्या दोन वर्षांत अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. ‘अॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट’, म्हणजे एटीएलएस. आज तो ८० हून अधिक देशांत शिकवला जातो.

त्याचा गाभा एका क्रमात आहे : ए, बी, सी, डी, ई. ए म्हणजे श्वासमार्ग. तो मोकळा करायचा, आणि ते करताना मान हलू द्यायची नाही. बी म्हणजे श्वसन. सी म्हणजे रक्ताभिसरण, अर्थात रक्तस्राव थांबवणे. डी म्हणजे मेंदूची अवस्था. ई म्हणजे कपडे काढून सर्वांग तपासणे, पण देह गार पडू न देणे. या क्रमामागचा तर्क साधा आहे : जे सर्वांत लवकर मारते, ते सर्वांत आधी. श्वासमार्ग बंद असेल तर हातात मोजकी मिनिटे असतात. मोडलेल्या हाताचे हाड पांढरे बाहेर आलेले दिसते आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे वेधून घेते, पण एकट्या त्या हाताने माणूस सहसा लगेच मरत नाही.

वैद्यकाच्या इतिहासात हा उलटा फेर होता. शतकानुशतके शिकवले गेले ते असे : आधी रुग्णाची हकीकत ऐका, मग तपासा, मग निदान करा, मग उपचार. एटीएलएसने सांगितले, की निदान पक्के झाले नाही म्हणून थांबू नका. छातीत हवा कोंडून फुप्फुस दबले आहे आणि रुग्ण तडफडतो आहे, तर एक्स-रेची वाट न पाहता ती हवा बाहेर काढा. हकीकत नंतर ऐका. एक पायरी सुधारली की पुढची. आणि रुग्ण ढासळला की पुन्हा ‘ए’पासून.

तपासणी किती फसवी असू शकते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. तरुण आणि निरोगी माणसाचे दीड लिटरपर्यंत रक्त गेले, तरी रक्तदाब बराचसा नेहमीसारखा दिसू शकतो. शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाची गती वाढवून तो सावरून धरते. मग तो एकाएकी कोसळतो. म्हणून केवळ रक्तदाबाचा आकडा पाहून ‘ठीक आहे’ म्हणणारा डॉक्टर चुकतो, आणि नाडीची गती, गार पडलेली त्वचा, रुग्णाची वाढती अस्वस्थता पाहणारा वेळेत सावध होतो. मेंदूच्या बाबतीत असेच एक साधन १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट यांनी दिले : डोळे, बोलणे, हालचाल या तीन गोष्टींना गुण द्यायचे, बेरीज ३ ते १५. ‘बेशुद्धच आहे हो’ या मोघम वाक्याच्या जागी एक आकडा आला, आणि दोन तासांपूर्वीच्या आकड्याशी त्याची तुलना करता येऊ लागली.

याच काळात बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. अॅडम्स काउली यांचा ‘गोल्डन अवर’ जगभर गेला. अपघातानंतरचा पहिला तास निर्णायक, हे त्यातले सार बरोबर आहे; मात्र साठ मिनिटांची नेमकी रेघ मोजमापातून आलेली नाही. कुणी दहा मिनिटांत जातो, कुणाला चार तास मिळतात.

क्रमही अढळ राहिला नाही. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांत ब्रिटिश सैन्यवैद्यांनी ‘ए’च्याही आधी एक पायरी घातली : प्राणघातक रक्तस्राव. पाय उडाला असेल तर आधी आवळपट्टी, मग श्वासमार्ग. पॅरिसच्या झ्याँ-लुई पेती यांनी १७१८ मध्ये स्क्रूची आवळपट्टी बनवली होती. मधल्या काळात ती अवयव गमावण्याच्या भीतीने मागे पडली आणि तीनशे वर्षांनी जवानांच्या खिशात परत आली. मग २०१० मध्ये ४० देशांतल्या २० हजारांहून अधिक जखमींवरच्या ‘क्रॅश-२’ या चाचणीचे निष्कर्ष आले. ट्रानेक्सॅमिक अॅसिड या स्वस्त औषधाने रक्तस्राव होणाऱ्यांचे मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आणले. फरक लहान दिसतो, पण दर वर्षी जगात किती अपघात होतात ते आठवून पाहावे. अट एकच : औषध पहिल्या तीन तासांत द्यायचे. या चाचणीत भारतीय रुग्णालयांचाही सहभाग होता. हे औषध शोधणाऱ्या जपानी संशोधक उताको ओकामोतो यांनी पतीसह १९६२ मध्ये त्यावरचे काम प्रसिद्ध केले होते. जखमींसाठी त्याचा उपयोग सिद्ध व्हायला अर्धे शतक लागले.

भारतात मात्र या साऱ्या क्रमाच्या आधी आणखी एक पायरी होती, आणि ती वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती होती पोलिसी कागद.

१९८० च्या दशकातली गोष्ट. एका भरधाव मोटारीने स्कूटरस्वाराला उडवले. रस्त्यावरच्या एका माणसाने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी घेतले नाही : हे मेडिको-लीगल प्रकरण आहे, त्याची परवानगी असलेले रुग्णालय सुमारे २० किलोमीटरवर आहे, तिकडे न्या. तो माणूस त्याला घेऊन निघाला. जखमी वाटेतच गेला.

ही बातमी वृत्तपत्रात वाचून परमानंद कटारा यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल लागला. जखमी निरपराध असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी. कायद्याची कोणतीही औपचारिकता या कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही. हुद्दा विचारू नका, देश विचारू नका, या लारेच्या नियमात न्यायालयाने एका अर्थी तिसरी ओळ जोडली : गुन्हा विचारू नका. निकालाला दूरदर्शन आणि आकाशवाणीवरून प्रसिद्धी द्यावी, असेही निकालातच सांगितले होते. न्यायमूर्तींना अंदाज असावा, की तो कायद्याच्या ग्रंथांत पडून राहिला तर रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचणार नाही.

डॉक्टर बांधले गेले, पण रस्त्यावरच्या माणसाची भीती तशीच होती. पोलीस बसवून ठेवतील, साक्षीला खेपा घालाव्या लागतील, रुग्णालय अनामत मागेल. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांसह सुरू झाली. पण कुणीतरी थांबून फोन केल्याशिवाय ती गाडी निघत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची नियमावली बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम आले. अपघातातल्या जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्यावर आता त्यासाठी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याच्याकडून उपचाराचे पैसे मागता येत नाहीत. आणि त्याची इच्छा नसेल, तर आपले नावही न सांगता तो तिथून घरी जाऊ शकतो.